गुणिले पाच

इंदुरात रामबागेतल्या पतसंस्थेच्या चार शाखा,
चार सर्व्हर, आणि पाचवा ढगात,
दरमहा भाड्यानं.
माझं काम इतकंच: शक्यता गुणिले नुकसान,
एक ते पाच. हिरवा, पिवळा, लाल.

सुदामानगरची लिंक तुटते: तीन गुणिले दोन.
लोकमान्यनगरात यूपीएसवर मांजर निजतं:
हसू नका, चार गुणिले तीन.

आणि वैजयंती धारकर, हेडकॅशियर,
निवृत्तीला अकरा दिवस.
सगळ्या शाखांचे पासवर्ड
दुधाच्या हिशेबाच्या वहीत,
वही उघड्या खणात, सुपारीच्या डबीखाली.
मी पाच गुणिले पाच मांडलं
आणि खात्रीसाठी एकेक पासवर्ड मारून बघितला.

एकही चालेना.

"चालतील कसे?"
पोह्यांवर जिरावण भुरभुरत त्या म्हणाल्या,
"ज्या वारी लिहिला तितकी अक्षरं पुढं सरकवायची.
सोमवारी एक, शनिवारी सहा.
रविवारी आपण लिहीतच नाही."

पण वार कुठं लिहिलाय?

"तो कशाला लिहायचा?
दूध किती घेतलं बघा ना.
गुरुवारी खीर, अर्धा लीटर जास्त."

मी 'चोरी' खोडलं.
त्याच ओळीत लिहिलं 'विसर'.
नुकसान तेच, पाच.
शक्यतेचा रकाना भरण्याआधी विचारलं,
खीर दर गुरुवारी?

त्या बराच वेळ पोहे चावत राहिल्या.
"एका गुरुवारी नव्हती," म्हणाल्या,
"कुठल्या, ते आठवायला हवं."