इन्नोंदु

शनिवारी पहिली पाळी सुटली की
उद्यमबागेच्या फाटकासमोर, पत्र्याखाली,
मी आणि इराप्पा.
साधी बीअर. पाण्याहून जराशी कडू,
भट्टीत गेलेला घाम भरून काढण्यापुरती.
दोन, तीन, कधी चारसुद्धा,
तरी सायकल सरळच जायची.
बोलणं म्हणजे काय,
नातवाचं जावळ, पंपाची मोटर,
गोव्याला गेलेला त्याचा भाऊ.
कुठं पोचायचंच नसायचं.

परवा त्याचा भाचा आम्हाला कॅम्पात घेऊन गेला.
काचेआड तांब्याची पिंपं.
काळी, दाट, नऊ टक्क्यांची.
इराप्पानं वास घेतला,
"काकवी करपली की रे बा."
खरं सांगतो, चव अजून जिभेवर आहे,
असलं काही जन्मात प्यालो नव्हतो.
दुसरा ग्लास अर्ध्यावर असेल,
तो म्हणाला,
"त्या दिवशी प्रेसचा खटका तूच दाबलास."
एवढंच. बावीस वर्षांनी.
भाचा मोबाईलमध्ये होता.
मी होय म्हणालो.
उरलेला ग्लास कुणी संपवला, आठवत नाही.

या शनिवारी परत पत्र्याखाली.
तीच फिकट, तीच गार.
मोटरचं बोलून झालं, भावाचं झालं,
एक बाटली सरली तरी
आम्ही अजून मोटरीपाशीच.
पोऱ्या आला, "इन्नोंदु?"
इराप्पानं उजवा हात वर केला,
पंजा पुरता उघडून,
तीन बोटं.
पोऱ्या जुना.
दोनच आणल्या.