साडेसात ब्लाइंड, बटणावर

नऊला सराफ्यात शटरं पडतात,
साडेनऊला त्याच ओट्यांवर कढया चढतात.
मी माडीवर, काट्यापाशी,
दिवसाची तूट लिहून वही मिटतो.
तूट: दोन रत्ती.
मग कसोटीच्या दगडाला टेकवून
फोन उभा करतो.

पंचावन्न रुपयांचं तिकीट, सहा जण,
चिप्स मोजून पाचशे,
आणि दर तीन मिनिटांनी ब्लाइंड चढतो.
खाली भुट्ट्याचा कीस शिजायलासुद्धा
याहून जास्त वेळ लागतो.

उत्कर्ष, पॉलिश शिकायला आलेला पोरगा,
खांद्यावरून वाकून विचारतो,
भिया, हे काय करून राहिले?

बघ, मी म्हणतो.
दहाच्या खाली आलास की दोनच कामं:
पानं टाक, नाहीतर सगळं ढकल.
थोडं लावून बघू, पुढचं पुढे, हे भरल्या पेटीचे चोचले.
जो आधी ढकलतो त्याला दोन दारं:
समोरचे पळाले तरी त्याचं,
पान लागलं तरी त्याचं.
कॉल करणाऱ्याला एकच दार, तेही बोळातलं.
म्हणून एक्का-सत्तीवर ढकलावं,
एक्का-सत्तीवर कॉल करू नये.

म्हणजे पान तेच?
पान तेच. खुर्ची वेगळी.

आणि फार थांबायचंही नाही.
तीन ब्लाइंडवर आलास की तू मोडीत निघालास.
मग तुझ्या ऑल-इनला कुणी भीत नाही,
नुसत्या कुतूहलापोटी कॉल करतात लोक.

(त्याला सांगत नाही ते असं:
शेठनी भागीदारीचं विचारलं होतं,
तेव्हा माझ्याकडे वीस होते.
दिवाळीनंतर बघू, म्हणालो.
मग दिवाळ्या
तीन-तीन मिनिटांनी आल्या.)

चौघे उरलो. पैसे तिघांना.
माझ्याकडे साडेसात, मी बटणावर, हातात एक्का-अठ्ठी.
मोठ्या ब्लाइंडवर बसलाय ढिगारेवाला,
तो काहीही कॉल करतो.
माझ्याआधी रतलामी७७ ने पानं टाकली,
त्याच्याकडे उरलाय दीड.
आणि पुढच्याच डावात मोठा ब्लाइंड त्याच्या गळ्यात.

ढकला ना भिया! आत्ताच तर म्हणाले!

बारा सेकंद.
अकरा.
काट्यावर हे नेहमीचं आहे, पोरा:
हातातली रत्ती
येणाऱ्या रत्तीपेक्षा जड असते.
दुसरा मरायला टेकलेला असताना
आपण आधी दार उघडून बाहेर पडायचं नाही.
सात. सहा.
टाकलं.

पुढचा डाव. रतलामीचा दीड आत.
मी बाजूला. ढिगारेवाल्याकडे राजा-राणी.
रतलामीकडे दुर्री-सत्ती, तीही बेरंगी.
टेबलावर आली सत्ती.
मग, कशाला हवी होती, दुर्री.

पुन्हा त्याचा डाव, पुन्हा आत, पुन्हा तोच.
ब्लाइंड चढला. माझ्या साडेसातचे तीन झाले,
कुणी एक चिप न घेता.
राजा-नव्वीवर ढकलले,
तिघांपैकी दोघांनी कॉल केला,
कुतूहलापोटी.

चौथा नंबर.

उत्कर्ष हसला. मग गप्प झाला.
मग म्हणाला, पण तुम्ही बरोबर खेळले होते ना?
हो.
मग?
मग काय. हिशेब बरोबर होता.
वही उघडून तुटीखाली पंचावन्न लिहिले
आणि खोडले, ही दुकानाची वही.

तो गराडू खायला उतरला.

दोनला कढया उतरतात, ओटे धुतात.
त्याआधीच, तुपाच्या वासात,
रेवाबाई झारेकरीण येते,
बारीक कुंच्याने दगडांच्या फटी ओढून
धूळ टोपलीत भरते.
कुणाशी घासाघीस करत नाही.
माझ्या उंबऱ्याशी आज जरा जास्त थांबली.
माझ्या दोन रत्ती असतील तिच्याकडे.
विचारलं नाही.

स्क्रीनवर नवं टेबल भरतंय.
चार बसलेत. दोन जागा आहेत.