तर्जनी

कोळंबीच्या डोक्यावर काटा असतो,
करवतीसारखा, एवढासाच.
बेचाळीस वर्षांत आईला तो हजारदा टोचला असेल.
ससून डॉक, पहाटेचे चार, बर्फाच्या पाण्यात हात.
टोचलं की बोट तोंडात,
थुंकायचं,
पुढची कोळंबी.

ह्या वेळी बोट उतरेना.
हळद झाली, चुना झाला,
शेजारच्या भिमक्काने कांदा भाजून बांधला.
पहिल्या एक्स-रेत काहीच नव्हतं.
बघ, म्हणाली, फुकट गेले तीनशे.

महिन्याने डॉक्टर पेडणेकर,
माझ्याहून लहान, डोळ्यांत रात्रपाळी,
फिल्म उजेडापुढे धरून म्हणाली,
ही पेराची कड पाहा. उंदराने कुरतडल्यागत.
हाड उशिरा बोलतं.
दोन-दोन आठवडे गप्प.
जंतू काट्यावरून आत गेले,
मांसात मुक्काम करून हाडात उतरले.
तिथला एक तुकडा मेलाय, त्याला आता रक्त नाही,
रक्त नाही तर औषध पोचणार कशातून?
जंतू त्याच्याच आडोशाला राहतात.
त्यात यांची साखर.

साखर? कुणाला? आई म्हणाली.

तो तुकडा काढावा लागेल.

पाल्याचे काटे जी अंधारात मोजून काढते,
नातवाच्या घासात एक राहू देत नाही,
ती थोडा वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसली.
मग म्हणाली,
म्हणजे माझाच काटा काढणार तुम्ही.
डॉक्टरला हसायला जरा वेळ लागला.

सहा आठवडे सलाईन.
तिच्या हातांचा वास गेला,
वॉर्डातली मांजर दुसऱ्या खाटांखाली फिरायची.
काढलेलं हाड तिने मागून पाहिलं:
बाटलीत, भिजल्या साबुदाण्याएवढं.
एवढ्यासाठी? म्हणाली.

आता परत डॉकवर.
मोजे आणून दिलेत मी, ते पिशवीतच.
मोजा घातला की किलोला वेळ जातो,
आणि मुकादम किलोचे पैसे देतो, बोटांचे नाही.

तर्जनी वाकत नाही.
बाकीची चार सोलत असतात
आणि ती सरळ,
कुणाकडे तरी रोखलेली.
मुकादमाकडे, काट्याकडे, साखरेकडे,
की त्या महिनाभर
बघू गं, उतरेल, म्हणणाऱ्या माझ्याकडे,
मी विचारलेलं नाही.
समोर बसताना
थोडी बाजूला सरकून बसते, इतकंच.