कलम पहिले

वांद्र्याच्या सरकारी इमारतीत, चौथ्या मजल्यावर,
माझ्या टेबलावर फ्रान्सचं बारावं वर्ष पडलंय.
तेव्हा त्यांनी ख्रिस्ताचे सन मोडीत काढले होते,
महिन्यांना फुलांची, धुक्याची नावं होती.
मराठी हवी शुक्रवारपर्यंत.

पहिलंच कलम:
प्रजासत्ताकाचे शासन एका सम्राटाकडे
सोपवण्यात येत आहे.

पेन खाली ठेवलं.
इतकं अलगद मराठीत उतरलेलं वाक्य
तीस वर्षांत हाताला लागलं नव्हतं.
सोपवण्यात येत आहे.
कोण सोपवतंय?
आमचं कर्मणी फार सोज्वळ,
कर्ता मागच्या दाराने निघून जातो
चपला हातात घेऊन.

प्रजासत्ताक रद्द, असं कुठे लिहिलंय का
म्हणून एकशे बेचाळीस कलमं चाळली.
नाही.
थोरला मुलगा, त्याचा मुलगा, दत्तक, भाऊ,
बायका वगळून.
अगदी शेवटी जनतेला विचारलंय,
तेही एवढंच, की गादी वंशात राहू दे ना?
गादी हवी का, हे नाही.
गावोगाव वह्या उघडल्या, हो आणि नाही, खाली सही.
मोजणी व्हायच्या आधीच
तो सम्राट होऊन बसलेला.

टंकलेखक बापर्डेकर मजकूर वाचून म्हणाले,
"मॅडम, हे तर आमच्या आत्याचं कुलमुखत्यारपत्र."
माझगावची खोली. भाच्याला दिली,
म्हणजे दिली नव्हती, सोपवली होती.
त्याने पार्टिशन पाडलं, मोरी सरकवली,
तिची कॉट गॅलरीत नेली, हवेशीर म्हणून.
ती येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजून सांगायची,
खोली माझीच हो. तो बघतो फक्त.
"आणि खोटं नव्हतं. लाइट बिल
शेवटपर्यंत तिच्याच नावाने यायचं."

भाचा कोण, मी विचारलं.
त्यांनी कागदाची कड टेबलावर ठोकून सरळ केली.
"मीच की."

नाण्यांवरसुद्धा, कुठेतरी वाचलंय,
पुढची काही वर्षं एका अंगाला सम्राटाचं डोकं,
दुसऱ्या अंगाला फ्रेंच प्रजासत्ताक.
पावाचे पैसे मोजताना
लोक कुठली बाजू वर ठेवत असतील?

सहा वाजले. पंखे बंद होऊ लागले.
"येत आहे ठेवू, की आले आहे?"
बापर्डेकर विचारतात, बोटं कळांवर.

येत आहे, मी म्हणते.
मुळात तसंच आहे.