चौथा पाय

वीस वर्षं फळ्यावर
नव्वद अंशाचा कोन काढला मी.
हातात असा आलाच नव्हता कधी.
गुण्या लावला तेव्हा दिसलं
केवढा उजेड येतो फटीतून.

उदगीरच्या वखारीतली बाभूळ,
गच्चीवर, टाकीच्या सावलीत,
रविवारमागून रविवार.
रंधा अडतो तिथे गाठ.
पटाशीनं अंगठा सोलला,
तो डाग अजून फळीखाली आहे.
ढलप्या गेल्या शेजाऱ्यांच्या बंबात.

खाजापाशा मिस्त्री जिना चढून आले,
कुसू हलवून पाहिलं.
"घाई केलाव सर.
लाकूड अजून पावसातच हाय."

स्टूल डुगडुगलं.
तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं,
नववीला मीच शिकवतो.
चौथा पाय कुणी सांगितला होता?

करवत घेऊन बसलो
तर हेमलता म्हणाली, थांबा.
घरभर फिरवलं तिनं ते,
एकेक फरशी बघत.
माठाशेजारी, शहाबादीच्या एका खोलगट तुकड्यावर
गप्प उभं राहिलं.

आता झाडून झालं की
ती न बघताच पायानं सरकवते
आणि ते बरोबर तिथेच जातं.
मी चहाचा कप ठेवतो.
साय हलत नाही.