आधी कडी

आधी कडी, म्हणायचा एलेउतेरियो.
आधी कडी केबलवर चढवायची,
मग चाकू, मग कथील, मग देवाचं नाव.

तेव्हापासून चाळीसेक जोड केले असतील मी,
आणि सहांत तरी शेवटचा डाख थंड झाल्यावर
कडी दिसली टेबलावर,
माझ्याकडे बघत बसलेली.
मग काय, काप आणि पुन्हा पहिल्यापासून.
केबल बोटभर आखूड,
मी बोटभर शहाणी.
तितकीही नाही.

चिलोएच्या या बाजूला पाऊस पाहुणा नाही, घरचाच.
धक्क्यावरच्या खोलीत एक रेडिओ, एक शेगडी,
आणि बाहेर मास्टवर चढलेली काळी केबल,
जिच्या टोकाला सगळं घोडं अडतं.

साल सोलताना हात हलका.
जाळी विंचर, मागे घे.
तिचा एक केस, नुसता एक केस
मधल्या तारेला शिवला की संपलं:
जन्मभराचे शेजारी,
भेटले की दोघंही मुके.

कनेक्टरच्या अंगाला चार भोकं, तिथून जाळीला कल्हई.
डाखणी तापलेली हवी आणि थांबायचं थोडकंच,
नाहीतर आतला पांढरा गाभा मेणासारखा ढळतो.
कथील चकाकलं तर जोड.
करडं, दाणेदार राहिलं तर जोडाचं सोंग.

टेप खालून वर.
घराच्या भिंती बघ, म्हणाला,
आलेर्सेच्या फळकुट्या, वरचीचा पदर खालचीवर,
पाणी पदरावरून घसरत जातं.
उलटी गुंडाळलीस
तर प्रत्येक पदराची ओंजळ होते.

हे त्याने एका दमात नाही सांगितलं.
दोन हिवाळे लागले.
तिसऱ्यात, माते पिता पिता,
जुलैमधली ती रात्र सांगितली:
'ला पोर्फियादा' खाडीच्या तोंडाशी, सुकाणू मोडलेलं,
बेलार्मिनो चिग्वाय हाका मारतोय.
चौदा हाका. तो मोजत होता.
इथे खोलीत नवा रेडिओ, जागा माणूस,
आणि नुसती खरखर.

होडी आली, दुसऱ्या दिवशी, दोरीने ओढलेली.
बेलार्मिनोची दोन बोटं थंडीने नेली.
कोणी काही विचारलं नाही, समुद्रच तसा, म्हणाले.
एलेउतेरियो एकटा मास्टवर चढला, टेप सोडली.
कनेक्टरचं तोंड हिरवं.
केबल कलती केली, तर आतून पाणी आलं,
चहाच्या चमच्याएवढं.

तो जोड माझा होता, म्हणाला.
आणि भांडं भरून माझ्याकडे सरकवलं.

आता तो पुएर्तो मोंतला, लेकीकडे.
कानाने काही येत नाही त्याला.
दर एप्रिलला मी सगळे जोड उघडते,
वरचा एक सोडून. तो त्याचा शेवटचा.
मीटर म्हणतो ठीक आहे.
पण मीटरचं काय,
भिजलेली केबलही मीटरशी गोड बोलते,
हेही त्यानेच सांगितलेलं.

यंदा चढले.
टेप थराथराने सोडली, खालून वर घातलेली,
म्हणून सोडली वरून खाली.
आत कोरडं. तांबं काल कापल्यासारखं.
आणि अगदी आतल्या थराच्या चिकट बाजूला
अंगठ्याचा एक ठसा,
रेघ न् रेघ शाबूत.

त्या ठशाचं काय करायचं मला कळेना.
खिशात ठेवला, तर घडीत चिकटून गेला.

केबलची साल मात्र उन्हाने तडकलेली, बदलावीच लागणार होती.
खाली आणली नवी, सोलली, विंचरली,
चारही भोकांतून कथील कसं आरशासारखं उतरलं.
एवढा सुंदर जोड मी आजवर केला नव्हता.

कडी टेबलावर होती.

डाखणी पुन्हा तापत ठेवली आहे.
तोवर खाडीतून कोणी हाक मारू नये,
एवढंच.