ताटावर आडवा हात

सावद्याच्या लॅबमध्ये मी रोज रक्त काढते.
साखरेची नळी राखाडी झाकणाची;
उपाशीपोटी एक, जेवून दोन तासांनी दुसरी.
लोक विचारतात, रात्रीपासून पाणीच प्यायलोय,
मग एवढी साखर आली कुठून?
मी सांगते, पहाटे यकृतानं सोडली,
वरून हुकूम आला म्हणून.
वरून म्हणजे?
मी कपाळाकडे बोट दाखवते
आणि त्यांना वाटतं, नशीब म्हणतेय.

लोकेशच्या कपाळाआड, खूप आत,
दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात तिथं
बोराच्या बीएवढी गाठ होती.
नाशिकला नाकातून जाऊन काढली.
गाठ गेली, जाताना शेजारचं थोडं घेऊन गेली.
शेजारी काय होतं, पप्पांनी विचारलं.
डॉक्टर म्हणाले, बदामाएवढी जागा,
तहान, झोप, अंगाचा ताप, भूक
सगळ्याचा हिशेब तिथं.
पप्पा बराच वेळ स्वतःच्या अंगठ्याच्या नखाकडे बघत राहिले.

तेराव्या वर्षी एक्केचाळीस किलो.
पंधराव्या वर्षी अठ्ठ्याण्णव.

चरबी रोज मेंदूला चिठ्ठी लिहिते,
कोठार भरलंय, आता पुरे.
लोकेशच्या चिठ्ठ्या अजून निघतात,
नेमानं, रक्तातून, वरच्या दिशेनं.
पत्ता बरोबर आहे. तिथं घर नाही.

त्यानं बिबड्यांचा डबा संपवला, कच्चे.
भिजवलेली कणीक खाल्ली.
एकदा पप्पांच्या रायपनिंग चेंबरमध्ये सापडला,
सोळा अंशांच्या गारठ्यात, क्रेटवर बसून
हिरवीगार केळी सालासकट चावत.
तिथं पप्पा काट्यावर नजर ठेवून असतात,
गॅस किती, गारवा किती,
पिठाची साखर चौथ्या दिवशी व्हायची की पाचव्या.
दोनशे क्रेट त्यांचं ऐकतात.

आईनं स्वयंपाकघराला कुलूप लावलं
आणि त्या दिवसापासून स्वतः जेवताना
दाराकडे पाठ करून बसू लागली.

प्रमिलाकाकू म्हणाल्या, जिभेवर ताबा पाहिजे भो.
मी काही बोलले नाही.
काकू तीन पोळ्यांनंतर थांबतात
त्याला त्या संस्कार म्हणतात.

एका रात्री कुलपाजवळच बसला होता.
मी विचारलं, खूप भूक लागली का रे?
तो म्हणाला, तसं नाही ताई,
मले आतून कोनी 'बस' म्हनत नाही.

डिसेंबरात मळ्यात भरीत होतं.
पऱ्हाटीच्या जाळावर वांगी काळी पडली,
बडगीत ठेचली, कांद्याची पात, हिरवी मिरची, तेल.
पंगत बसली आणि मी
पहिल्यांदाच लोकांचं थांबणं पाहिलं.
कुणी ढेकर देतो, कुणी पाण्याचा तांब्या ओढतो,
वाढपी वाकला की ताटावर हात आडवा येतो,
बोलण्याच्या ओघात, विचारसुद्धा न करता.
केवढी श्रीमंती ही, कुणाच्या ध्यानातही नाही.

लोकेश कुणाच्याच ताटाकडे बघत नव्हता.
तो समोर बसलेल्या पप्पांच्या हाताकडे बघत होता.
दुसऱ्या पुरीनंतर पप्पांनी हात आडवा केला.
त्यानंही केला.
त्याचा हात थरथरत होता, पण ताटावरून हलला नाही.
वाढपी म्हणाला, अरे, पोराठोरांनी एवढंच जेवायचं?
आणि पुढे गेला.

तेव्हापासून घरी तसंच चाललंय.
पप्पा थांबले की तो थांबतो. कधी जमतं,
कधी ताट भिरकावतो, रडतो, मग झोपतो.
पप्पांचा घास मात्र दर आठवड्याला एकेक कमी होतोय.

परवा ते लॅबमध्ये आले, कपाळावर घाम.
मधुमेहाची गोळी नेहमीची, जेवण अर्धं.
बोटाला सुई टोचली. चौसष्ट.
मी म्हटलं, पप्पा, तुम्ही तरी पोटभर जेवा.
तो बघतो ना, ते म्हणाले.

मग खिशातून कागदाची पुडी काढली,
लोकेश शाळेतच आहे ना, दोनदा विचारलं,
आणि भिंतीकडे तोंड करून
खडीसाखरेचा एक खडा जिभेवर ठेवला.